औषध उष्ण पडले

एखाद्या औषधावर अखेरचा निकाल द्यावयाचा झाला, तर तो आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तीनच शब्दांत दिला जात आला आहे. ‘औषध उष्ण पडले.’ तोंड आले, उष्ण पडले. लघवीला जळजळ झाली, उष्ण पडले. अंगावर पुरळ उठले, मग तर बोलावयासच नको. या निकालावर अपील नाही, आणि पुढची तजवीजही ठरलेली: सब्जाचे पाणी, गुलकंद, धण्याजिऱ्याचे पाणी आणि पुष्कळसे ताक. औषध कोणते होते, किती दिवस घेतले, पुरळ कोठून कोठे पसरले, या तपशिलात शिरण्याची कोणास गरज वाटत नाही. या तीन शब्दांनी आमच्या घरात काय झाकून ठेवले होते, हे आम्हांस २०२३ च्या उन्हाळ्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळले.

हकीकतीचा आरंभ आमच्या उजव्या पायाच्या आंगठ्यापासून होतो. २०२१ च्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास आम्ही जागे झालो, तेव्हा आंगठ्याच्या मुळाशी कोणी निखारा बांधून ठेवला आहे असे वाटले. सांधा लाल, तुकतुकीत आणि दुप्पट झाला होता. पांघरुणाची सुती चादर जरी टेकली, तरी प्राण कंठाशी येत. या दुखण्यास आयुर्वेदात वातरक्त म्हणतात. चरकसंहितेत त्याचे आणखी एक नाव आहे, आढ्यवात. म्हणजे सधन माणसाचा वात. निवृत्तिवेतनावर गुजराण करणाऱ्या शाळामास्तरास हा सन्मान न मागता मिळाला, याचे थोडेबहुत श्रेय सासुरवाडीकडे जाते. आमची सौभाग्यवती मडगावची. बेळगावच्या शहापुरातील आमच्या स्वयंपाकघरात गेली चाळीस वर्षे सुंगटांचे हुमण आणि तळलेले तारले यांचे राज्य आहे, आणि त्या राज्यात आम्ही सुखी प्रजाजन आहोत. शास्त्र असे सांगते की, अन्नातील आणि आपल्या स्वतःच्या पेशींतील प्युरीन नावाच्या द्रव्यांचे शेवटी युरिक ॲसिड होते. ते बहुतांशी मूत्रपिंडांनी बाहेर टाकावयाचे. टाकले गेले नाही, तर रक्तात साचते, आणि शरीराच्या थंड कोपऱ्यांत, म्हणजे पायाच्या आंगठ्यासारख्या ठिकाणी, त्याचे सुयांसारखे स्फटिक धरतात. दोष ताटापेक्षा मूत्रपिंडाच्या टाकण्याच्या शक्तीत अधिक असतो. हे वाक्य आमच्या सौभाग्यवतीस फार आवडते.

पहिल्या खेपेस आम्ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात लंगडत गेलो आणि आंगठा दाखविला. दुकानातील मुलाने डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. चिठ्ठी त्याने मागितली नाही, आम्ही दाखविली नाही. दोन गोळ्यांत निखारा विझला. तेव्हापासून ती पट्टी आमच्या कोटाच्या खिशात कायमची राहावयास आली. दुखणे दोन-तीन महिन्यांनी उलटे, मग दीड महिन्याने, मग पंधरवड्याने. आंगठा नुसता कुरकुरू लागला तरी आम्ही गोळी घेऊ लागलो. डॉक्टरांकडे जाण्याची आवश्यकता वाटली नाही. गुण येत होता, आणि गुण येत असता डॉक्टरांकडे जाणे हे आमच्या पिढीस उधळपट्टीसारखे वाटते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. हे औषध मूत्रपिंडाला काय करते, ते आम्हांस ठाऊक होते. आम्ही नोकरीत असताना गिधाडांची बातमी आली होती. आकाश झाकून टाकणारी गिधाडे दहा-पंधरा वर्षांत कोठे नाहीशी झाली, याचा उलगडा २००४ साली झाला. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचत. ते जनावर मेले की गिधाडे त्यावर उतरत, आणि मांसात उरलेल्या औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. मेलेल्या पक्ष्याचे पोट उघडले तर काळजावर, यकृतावर युरिक ॲसिडचा पांढरा, चुना फासल्यासारखा थर आढळे. आपल्या देशातील काही जाती शंभरात पंचाण्णवांहून अधिक घटल्या, आणि २००६ मध्ये गुरांसाठी या औषधास बंदी झाली. हे सारे आम्ही नववीच्या वर्गात वाचून दाखविले होते. फळ्यावर गिधाडही काढले होते, ते कोंबडीसारखे दिसते असे मुलांचे मत पडले. पक्ष्यांच्या त्या विकारास इंग्रजी वैद्यकात जे नाव आहे, तेच नाव आमच्या आंगठ्याच्या दुखण्यास आहे. पक्ष्याचे मूत्रपिंड निराळे, मात्रेचा हिशेब निराळा, हे खरे. तरी पण फळ्यावरची गोष्ट आणि खिशातली पट्टी यांची गाठ आमच्या मनात कधी पडली नाही.

मूत्रपिंड हा मोठा सोशिक अवयव आहे. मुठीएवढी ती दोन पिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातील दीड-दोन लिटर तेवढे बाहेर टाकून बाकीचे शरीरास परत करतात. रक्त या गाळणीत शिरते ती वाट मोकळी ठेवण्यास शरीर काही द्रव्ये तयार करते. वेदनाशामक गोळी दुखणे थांबविते, ते याच कुळातील द्रव्यांची निर्मिती रोखून. म्हणजे आंगठ्याला आराम पडतो त्याच घटकेस मूत्रपिंडाकडचा ओघ आटतो. तरुण माणसाच्या चार दिवसांच्या गोळ्यांनी बहुधा काही बिघडत नाही. साठी उलटलेला, रक्तदाबाचा, पाणी कमी पिणारा मनुष्य महिनोन्‌महिने तेच करू लागला म्हणजे गोष्ट वेगळी होते. त्यातून दुखत काहीच नाही. रक्तातील क्रिॲटिनीनचा आकडा ठळकपणे वर चढेपर्यंत मूत्रपिंडांची निम्मी शक्ती गेलेली असू शकते.

२०२३ च्या मार्चमध्ये सौभाग्यवतीने हट्टाने आम्हांस डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले. युरिक ॲसिड ९.४ निघाले, क्रिॲटिनीन १.६. डॉक्टर वयाने आमच्या विद्यार्थ्यांएवढे. त्यांनी दोनदा विचारले, “सर, दुखण्यावर काही गोळ्या घेता का?” आम्ही दोन्ही वेळा सांगितले, “अधूनमधून एखादी.” चाळीस वर्षे मुलांच्या असल्या उत्तरांस आम्ही छडी दाखविली होती. डॉक्टरांनी अॅलोप्युरिनॉलची १०० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली आणि बजावले, “अंगावर काही उठले, ताप आला, तोंडात फोड आले, तर गोळी त्याच दिवशी बंद करून माझ्याकडे या.” आम्ही मान डोलावली.

या गोळीची जन्मकथा आम्ही पुढे इस्पितळात पडल्या पडल्या वाचली, आणि तिच्याविषयीचा राग बराचसा निवळला. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या दोघांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत ती सिद्ध झाली. त्यांना संधिवाताचे औषध शोधावयाचेच नव्हते. रक्ताच्या कर्करोगावरील त्यांचे एक औषध शरीरात फार लवकर मोडून जाई. ते टिकावे म्हणून हे दुसरे द्रव्य जोडीला देऊन पाहिले. तो हेतू म्हणावा तसा साधला नाही, परंतु रोग्यांच्या रक्तातील युरिक ॲसिड उतरल्याचे दिसून आले. १९६६ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि १९८८ मध्ये या दोघांस सर जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. लक्षावधी माणसांचे आंगठे या गोळीने शांत ठेवले आहेत. ज्या थोड्यांवर ती उलटते, त्यांच्यावर मात्र फार वाईट उलटते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गोळी सुरू केली. रामनवमीच्या रात्री आंगठा पुन्हा पेटला. युरिक ॲसिड उतरू लागले की जुने स्फटिक हलतात आणि प्रारंभी दुखणे उलट उसळते, हे डॉक्टरांनी सांगितलेही होते. आम्ही त्यांना न विचारता खिशातील पट्टी काढली, आणि नवी गोळी व जुनी गोळी यांची जोडी जमविली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात छातीवर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ दिसू लागले. त्या वर्षी वळवाने दडी मारली होती, दुपारी अंगाची काहिली होई. आम्ही मनाशी म्हणालो, घामोळे. सौभाग्यवतीला भीती वाटली किंवा राग आला म्हणजे ती माहेरच्या भाषेत बोलते. तिने सदरा वर करून पाहिले आणि म्हणाली, “तुमच्या आंगार हें कितें?” आम्ही उत्तर दिले, “औषध उष्ण पडले असेल. ताक दे.” आणि सब्जा घातलेल्या ताकाबरोबर ती गोळी आणखी पाच दिवस घेतली. या पाच दिवसांत पुरळ दंडांवरून मनगटांपर्यंत आले, मग पोटावर, मांड्यांवर. त्याच्या कडा एकमेकींत मिसळल्या. ताप चढला. चेहरा असा सुजला की आरशात आमच्याऐवजी कोणी परका गृहस्थ पाहतो आहे असे वाटे. पाचव्या दिवशी लघवी फारच थोडी झाली. सौभाग्यवतीने गोळ्यांचा डबा उचलून पदरात घेतला आणि रिक्षा बोलाविली. रिक्षात तिने कोटाचा खिसा चाचपून ती दुसरी पट्टीही काढली. ती पट्टी तिला कधीपासून ठाऊक होती, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस अद्याप झालेले नाही.

इस्पितळात क्रिॲटिनीन ४.२ भरले. यकृताला सूज होती, रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या, हळूच आमच्याकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत. विद्यार्थी मोठे झाले म्हणजे मास्तरांहून दयाळू होतात. औषधाने उद्भवणाऱ्या या विकारास इंग्रजी आद्याक्षरे जोडून ‘ड्रेस’ असे नाव दिलेले आहे. माणसाचा पहिला पोशाख म्हणजे त्याची कातडी, तेव्हा नाव अगदीच गैरलागू नाही. दोन्ही औषधे बंद झाली, स्टेरॉइड सुरू झाले, पाण्याचा आणि लघवीचा थेंबन्‌थेंब मोजला जाऊ लागला. डायलिसिसचा विचार दोन दिवस चालला होता. ती वेळ आली नाही. मुक्काम एकोणीस दिवस पडला. दुसऱ्या आठवड्यात कातडी सुटू लागली: आधी पाठीची कोंड्यासारखी, मग तळहातांची सालीसारखी, उकडलेल्या बटाट्याची निघावी तशी. खाली नवी, गुलाबी, लहान मुलाची असावी तशी कातडी होती. ती फार चुणचुणे.

कारण विचारले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजाविले. ही गोळी शरीरात गेली की तिचे एक दुसरे द्रव्य होते आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुबळे असेल तर ते अंगात साठून राहते. आम्ही डायक्लोफेनॅकने ते आधीच दुबळे करून ठेवले होते. परंतु तेवढ्याने हे घडत नाही. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर आईबापांकडून आलेल्या काही खुणा असतात. त्यांवरून शरीर आपले कोण, परके कोण हे ओळखते. त्यांतील एक विशिष्ट खूण, एच.एल.ए.-बी ५८:०१, ज्याच्याजवळ आहे, त्याच्या शरीरात हे औषध त्या खुणेला चिकटून संरक्षक पेशींची दिशाभूल करू शकते. मग घराचे राखणदारच घरावर चालून येतात: कातडीवर, यकृतावर, मूत्रपिंडावर. हा संबंध तैवानमधील संशोधकांनी २००५ साली दाखविला. पुढे तेथेच तीन हजारांच्या आसपास लोकांचे रक्त आधी तपासून, खूण असलेल्यांस ही गोळी दिलीच नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असा भयंकर प्रकार एकालाही झाला नाही. खूण असलेल्या प्रत्येकावर औषध उलटते असे मात्र नव्हे. बहुतेकांना काहीच होत नाही. आमचे रक्त बाहेरगावी पाठविले. खूण निघाली.

मग डॉक्टरांनी विचारले, “रक्ताच्या नात्यात कोणाला हे दुखणे आहे? त्यांना कळवावयास हवे.”

येथे आम्ही अडलो. आमचे एकुलते एक धाकटे बंधू बडोद्यास असतात. कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने ते तेथे गेले आणि दांडिया बाजारातील मराठी वस्तीत रुळले. २०११ साली मातुश्री वारल्या, आणि त्यानंतर एक वाटणीपत्र, एक भिंत व आईच्या पाटल्या या तीन गोष्टींवरून जे बिनसले, ते बिनसलेच. बारा वर्षांत लग्नपत्रिकांखेरीज एकमेकांस कागद गेला नव्हता. “त्याला काही आहे की नाही, आम्हांस माहीत नाही,” असे आम्ही डॉक्टरांस सांगितले. तोच पायथ्याशी बसलेली सौभाग्यवती म्हणाली, “भाऊजींचा आंगठा सुजतो. डावा.” या दोघी जावा बारा वर्षे दर गुरुवारी फोनवर बोलत होत्या! आम्हांस पत्ता नव्हता; बंधूंसही नव्हता, असे मागाहून कळले. तिने तेथेच फोन लावला आणि आमच्या सोललेल्या हातात दिला.

मनात जुळविलेले भाषण निघून गेले. “दादा?” असे ऐकू येताच आम्ही एवढेच विचारले, “युरिक ॲसिडवर तू कोणती गोळी घेतोस?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग बंधूंनी नाव सांगितले. तीच. “आठ वर्षे झाली. मला काही झाले नाही. छान लागू पडली आहे.” उलटावयाची असती तर बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत उलटली असती, हे तोवर आम्हांस कळले होते. बारा वर्षांनी भावाला सावध करावयास गेलो, आणि सावध करण्यासारखे काहीच उरले नव्हते. फोन ठेवावा की काय, असे वाटत असता बंधूंनी विचारले, “दादा, तळहाताची कातडी गेली का रे? अण्णांची गेली होती तशी?”

अण्णांची? आम्हांस काही आठवेना. आठवणार कसे? १९७६ साली आम्ही कोल्हापुरास बी.एड.ला होतो. बंधू तेव्हा चौदा वर्षांचे, घरी. त्यांनी फोनवर सांगितले ते असे. आंगठ्याच्या दुखण्यावर अण्णांना कोणी पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. तीनेक आठवड्यांनी अंग लाल झाले, ताप भरला, आणि मग महिनाभर कातडी गळत होती. रोज सकाळी अण्णांच्या अंथरुणावरचा तो कोंडा केरसुणीने गोळा करून परसात नेऊन टाकणे हे बंधूंचे काम होते. ‘दादाला कळवू नका, परीक्षा आहे,’ असे अण्णांनी सांगितले होते. त्यानंतर अण्णांच्या पायांवरची सूज कधी पुरती उतरली नाही. १९७९ मध्ये ते गेले, ते लघवी कोंडून, सूज चढून गेले, एवढे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. आम्ही ते वयावर घातले होते. अण्णांचे वय तेव्हा अठ्ठावन्न होते.

आईने मात्र कळविले होते, हे आता आठवले. तिचे एक कार्ड आम्ही पुष्कळ वर्षे जपून ठेवले होते; त्यात पावसाची, म्हशीची आणि घरपट्टीची हकीकत होती, आणि शेवटी कडेला आडवी ओळ: अण्णांना औषध उष्ण पडले होते, आता बरे आहे.

ती गोळी कोणती, हे आता सांगणारे कोणी नाही. डॉक्टर गेले, दुकान गेले, चिठ्ठी त्या काळी कोणी ठेवीत नसे. कदाचित तीच असेल, कदाचित अगदी निराळी. मात्र त्या दिवशी फोनवर आम्ही दोघे भाऊ पाऊण तास त्या एका पांढऱ्या गोळीचा आकार ठरवीत बसलो, चपटी की फुगीर, मधे रेघ होती की नव्हती. बोलता बोलता बंधूंचा आवाज चौदा वर्षांच्या मुलासारखा झाला.

आता आमच्या पाकिटात एक कार्ड असते. त्यावर लाल शाईने औषधाचे नाव, घडलेला प्रकार आणि रक्तातील खूण लिहिलेली आहे. हैदराबादच्या आमच्या कन्येच्या रक्तातही खूण निघाली. तिच्या पर्सेत तसेच कार्ड आहे. घडल्या प्रकाराची नोंदही आम्ही केली. अशा नोंदींसाठी आपल्या देशात २०१० सालापासून एक योजना चालू आहे, तिचे केंद्र गाझियाबादेस आहे, आणि डॉक्टरांप्रमाणे रोग्यालाही स्वतः कळविता येते. अर्ज मराठीत मिळतो, कन्नडमध्येही मिळतो. बेळगावच्या माणसास हे वाचून काय वाटले असेल ते चाणाक्ष वाचकांनी ओळखावे. आम्ही मराठीत भरला. ‘काय त्रास झाला’ या रकान्यात पहिला शब्द ‘उष्ण’ असा लिहून गेलो होतो. तो खोडून तारीखवार सारे लिहिले, डायक्लोफेनॅकच्या पट्टीसकट. क्रिॲटिनीन आता १.८ वर येऊन थांबले आहे, त्याखाली ते उतरत नाही. आंगठ्यासाठी दुसऱ्या जातीची गोळी चालू आहे, आणि तारले पंधरा दिवसांतून एकदा.

२०२३ च्या दिवाळीत बंधू सहकुटुंब आले. भिंतीचा विषय कोणी काढला नाही. ती आहे तेथेच आहे. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून पट्टी काढून आमच्यादेखत ती गोळी पाण्याबरोबर घेतली, आणि आमचे तोंड पाहून हसले. सौभाग्यवती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगाच्या वेळी बंधू पाटावर बसले असता ती तेलाची वाटी घेऊन आली, दिवा जरा जवळ ओढला, आणि “जरा वळा, भाऊजी,” म्हणून त्यांची पाठ वरपासून खालपर्यंत पाहून घेतली.